उरलेली शाल

मे महिन्यात सूर्य मावळण्यापूर्वी घराचा उंबरठा ओलांडावा, असे एकच सबळ कारण मराठवाड्यातील माणसाकडे असते, आणि ते म्हणजे गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलेला पाण्याचा टँकर. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच लातूर जिल्ह्यात आम्ही राहतो. त्यामुळे हातात घागर, कळशी किंवा निदान बादली असल्याखेरीज उन्हाळ्यात आमचे पाऊल घराबाहेर पडत नाही. असे असताना आमच्या तालुक्याच्या गावातील उद्यानात, खुल्या रंगमंचावर, शनिवारी सायंकाळी ठीक साडेसहा वाजता शास्त्रीय गायनाची मैफल होणार असल्याची पत्रिका हिने माझ्या हातात ठेवली, तेव्हा मी सर्वप्रथम तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गरमच होते. पण त्या दिवशी पारा ४१ अंशांवर असल्याने गावातील प्रत्येकाचेच कपाळ गरम होते, आणि त्यावरून काही निष्कर्ष काढणे योग्य ठरले नसते.

"अहो, प्रवेश विनामूल्य आहे," ती म्हणाली, "आणि मोकळ्या हवेत बसायचं आहे."

बँकेच्या हिशेब खात्यात चौतीस वर्षे काढल्यामुळे 'विनामूल्य' हा शब्द दिसला, की ही रक्कम शेवटी कोणाच्या नावे टाकली जाणार, हे शोधण्याची मला सवय जडली आहे. मोकळ्या हवेबद्दल तर न बोललेलेच बरे, कारण मे महिन्यात आमच्याकडे हवा मोकळी सुटली की तिला झळ म्हणतात. तरीही मी निघालो. खिशात उन्हाचा उतारा म्हणून एक कांदा, डोक्याला ओला रुमाल, हिच्या हातातील पिशवीत सतरंजी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि हातपंखा, असा आमचा सरंजाम पाहून कोपऱ्यावरच्या पानवाल्याने "काका, गावाला निघालाव का?" असे विचारले.

उद्यान तसे चांगले आहे. त्यात एक कारंजे असून त्याच्या हौदात पोरे क्रिकेट खेळतात, सिमेंटची दोन हरणे आहेत, आणि हिरवळ या नावाने ओळखला जाणारा एक पिवळा पट्टा आहे. बसण्यासाठी सिमेंटचे बाक आहेत. सिमेंट दिवसभराचे ऊन पोटात साठवते आणि सूर्य मावळल्यावर ते सावकाश, एकेका अंशाने, वर बसलेल्या माणसाच्या स्वाधीन करते. मी एका बाकावर टेकलो आणि तव्यावर टाकलेल्या भाकरीला नेमके काय वाटत असेल, याची कल्पना येताच तत्काळ उलटलो, म्हणजे उठलो. सतरंजीची चार पदरी घडी करून पुन्हा बसलो, तर धग चारही पदर ओलांडून वर आली. त्याच वेळी मला पहिल्या रांगेतील सोफे दिसले, आणि त्या सोफ्यांकडे तोंड करून फिरणारा, संपूर्ण उद्यानातील एकमेव, उभा पंखा दिसला. सोफे मान्यवरांसाठी राखीव होते, परंतु पावणेसात वाजले तरी मान्यवरांपैकी कोणीच आलेले नव्हते. हिने डोळ्यांनी केलेला निषेध दुर्लक्षून मी कडेच्या सोफ्यावर जाऊन बसलो. पुढील सर्व प्रसंगाचे मूळ या पंख्यात आहे.

शेजारी गुरुजी होते. गुरुजी विज्ञानाचे निवृत्त शिक्षक असून गाण्याचे जाणकार आहेत, आणि रागाची वेळ या विषयावर त्यांचे मत रेल्वेच्या जुन्या स्टेशनमास्तरासारखे आहे. अमुक राग अमुक प्रहरी, आणि प्रहर म्हणजे तीन तास. त्याच्या आत गायक सुरावर चढला तर ठीक, नाही तर गाडी गेली. सूर्य मावळताना मारवा किंवा पूरिया, रात्रीच्या पहिल्या प्रहरात यमन, नऊनंतर बागेश्री, असे वेळापत्रक त्यांनी मला समजावून सांगितले. "साडेसहाची वेळ हुशारीने ठेवली आहे बघा," ते म्हणाले. "आज मारवा मिळणार."

मान्यवर सव्वासातला आले. सूर्याला त्यांच्या दौऱ्याची कल्पना नसल्यामुळे तो आधीच मावळला होता. दीपप्रज्वलनासाठी सर्व जण समईभोवती जमले आणि पहिली वात पेटताच पंखा फिरत त्या बाजूला आला. वात विझली. पुन्हा पेटवली, पंखा पुन्हा आला. समई हलवावी, तर तिच्याखाली रांगोळी; पंखा बंद करावा, तर मान्यवरांच्या अंगाला धारा. अखेर एका कार्यकर्त्याने पंख्याची मान दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि पाचही वाती लागल्या. मात्र मान सोडताच पंख्याने साठवलेला राग एकदम काढला आणि पाचही वाती एकाच फेरीत गेल्या. या चकमकीत वीस मिनिटे गेली.

"मारवा गेला," गुरुजी हळूच म्हणाले. घरातील वडीलधाऱ्या माणसाची बातमी द्यावी, तसा त्यांचा स्वर होता.

मग स्वागतगीत झाले, प्रास्ताविक झाले, पाहुण्यांचा परिचय झाला, आणि ज्यांचा परिचय अनवधानाने राहिला होता त्यांचा खुलाशासह परिचय झाला. "पूरियाही गेला," गुरुजींनी कळवले. त्यानंतर सत्कार सुरू झाले. आमच्याकडे सत्कार म्हणजे शाल आणि श्रीफळ; ऋतू कोणताही असो, शाल लोकरीसारखी जाड असते आणि ती दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटली जाते. घामाने निथळणारा माणूस हात जोडून उभा आहे, त्याला आणखी एक पांघरूण घातले जात आहे आणि समोरचे लोक टाळ्या वाजवीत आहेत, हे दृश्य मी त्या संध्याकाळी चौदा वेळा पाहिले. उद्यानाचे गुत्तेदार, ध्वनिक्षेपकवाले, सतरंज्या देणारे मंगल कार्यालयाचे मालक, असे कोणीही त्यातून सुटले नाही. दरम्यान वेळ घालवण्यासाठी गुरुजींनी मला सांगितले, की तेराव्या शतकात आपल्याच मराठवाड्यात, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी, शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ त्याने लिहिला, आणि नोकरीने तो राज्याच्या हिशेब खात्यात होता. हे ऐकून माझी छाती फुगली. आमच्या खात्यातील माणसाने काही लिहिल्याचे मला प्रथमच कळत होते.

आठ वाजून चाळीस मिनिटांनी सूत्रसंचालकाच्या लक्षात आले, की एक शाल उरली आहे. जिच्यासाठी ती आणली होती, ती व्यक्ती आलीच नव्हती. उरलेल्या शालीचे काय करावे, यावर व्यासपीठावर कुजबुज झाली. मग सर्वांची नजर सोफ्यांच्या रांगेवरून फिरत फिरत, पंख्याच्याच गतीने, माझ्यावर येऊन थांबली. पुढच्या क्षणी 'गावातील प्रत्येक मैफलीला आवर्जून उपस्थित राहणारे ज्येष्ठ रसिक' म्हणून माझे नाव पुकारले गेले. मी आयुष्यातील दुसऱ्या मैफलीला आलो होतो. पहिल्या वेळी मी चुकून आलो होतो.

शाल अंगावर पडली आणि मला दोन शब्द बोलण्याची विनंती करण्यात आली. सत्कारांवर गेला तासभर मनातल्या मनात मी जे ताशेरे ओढले होते, ते पाहता मी धन्यवाद म्हणून खाली उतरायला हवे होते, हे मला मान्य आहे. पण हातात माईक आल्यावर माणसाला काय होते, ते ज्याच्या हातात आला आहे त्यालाच कळते. शिवाय माझ्याजवळ शार्ङ्गदेव होता. मी देवगिरीपासून सुरुवात केली, हिशेबनीस आणि संगीत यांचे नाते उलगडून दाखवले, सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या आणि आमच्या शाखेत असलेल्या कामाची तुलना केली, आणि मग सात अध्याय घेतले. पहिला स्वरांचा, दुसरा रागांचा, तिसरा प्रकीर्णक, चौथा प्रबंधाचा, असे सांगत असताना कोणीतरी माझ्यापुढे चिठ्ठी सरकवली. चिठ्ठीवर एकच शब्द होता, आणि तो मागे बसलेल्या कलावंतांपैकी कोणाच्या तरी हातचा असावा, असा मला आजही संशय आहे.

जागेवर परतलो तेव्हा गुरुजी माझ्याकडे पाहत नव्हते. "यमन तुम्ही घालवलात," ते समोर पाहूनच म्हणाले.

मी निदर्शनास आणून दिले, की नऊ वाजायला अद्याप नऊ मिनिटे आहेत. परंतु वाद्ये अजून जुळायची होती. कोरड्या उन्हाने तबल्याचे कातडे ताणले जाऊन त्याचा सूर वर चढला होता, तर उष्णतेने तानपुऱ्याच्या तारा सैल पडून त्यांचा सूर खाली उतरला होता. गुरुजींनी ही दोन्ही कारणे मला शिक्षा म्हणून समजावून सांगितली. तबलजी हातोडीने एकाला खाली आणत होते, तानपुऱ्यावरील मुलगी खुंट्या पिळून दुसऱ्याला वर ओढत होती, आणि दोघांची मधल्या वाटेवर भेट होईपर्यंत नऊ वाजून दहा मिनिटे झाली. मग गायकांनी डोळे मिटून बागेश्रीचा षड्ज लावला. तो इतका सुरेख लागला, की हिने हातपंखा थांबवला.

त्याच वेळी शेजारच्या मंगल कार्यालयातून वरात निघाली. मे महिना हा लग्नसराईचा असतो, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. बँडच्या पुढे नाचणाऱ्या मंडळींना उद्यानाचे प्रवेशद्वार विशेष आवडले असावे, कारण ते तिथेच वर्तुळ करून नाचू लागले. विलंबित ख्याल म्हणजे सावकाश पसरत जाणारी गोष्ट. दोन स्वरांमध्ये जी शांतता गायक ठेवतो, तिच्यात प्रत्येक वेळी ट्रम्पेट येऊन बसत होता. पावणेदहाला वरात हलली. दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम २००० सालापासून देशभर लागू आहे, आणि तो आपल्या मनगटावर वागवणारा हवालदार फाटकापाशी उभा होता. त्यामुळे गायकांनी बागेश्री आवरून थेट भैरवी धरली. भैरवी खरे तर सकाळची, पण मैफल कधीही संपो, शेवट तिच्यावरच होतो. "हिला गाडी चुकण्याची भीती नाही," गुरुजी म्हणाले, आणि त्या संध्याकाळी प्रथमच हसले.

घरी आलो तर लाईट गेलेली. गाद्या घेऊन गच्चीवर चढलो, तेव्हा समोरच्या गच्चीवर काकू बाजेवर पडल्या होत्या. रात्री जमिनीलगतची हवा आधी गार होते आणि वरची ऊबदार राहते, त्यामुळे आवाज खाली वळून लांबवर पोहोचतो, असे गुरुजींनी वाटेत सांगितलेच होते. काकूंनी घरबसल्या सगळे ऐकले होते.

"भाऊ, लई बोललाव की," त्या म्हणाल्या. "मी खाली जाऊन दूध विरजून आले, तरी तुमचं चालूच होतं."

"आणि गाणं कसं वाटलं?" मी विषय बदलला.

"गाणं कुठलं, बँडच ऐकू आला. पण तुमचं ते देवगिरीचं चांगलं होतं. सात म्हणलाव अन् चारच सांगितलाव. पुढचे तीन कोणते?"

मी हिच्याकडे पाहिले. तिने ओली चादर डोक्यावरून ओढून घेतली आणि कूस बदलली. मी कठड्यापाशी गेलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "पाचवा तालाचा."