ओट्यावरून कट्ट्यावर

"ओट्याला क्वार्ट्झ फायनल केलं," समाने चहाचा ग्लास पाळीवर ठेवत जाहीर केलं आणि आमची रविवारची सकाळ कामाला लागली.

बडोद्याच्या सुरसागर तलावाची पाळ, दांडिया बाजाराकडची बाजू, वेळ साडेसातची, डोकी सहा. खरी नावं कट्ट्यावर चालत नाहीत, म्हणून इथेही नकोत. समा म्हणजे समा भागात राहणारा. अण्णा मार्ग-मकान खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, वयाने मोठे, म्हणून सगळ्यांचे 'तुम्ही'. टाइलवाल्याचं दुकान आहे. वकील हा वकील, शिवाय समाच्या सोसायटीचा सेक्रेटरी. लिफ्टमध्ये नोटीस चिकटवल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. ताईंनी तीस वर्षं एक्स-रे काढले. आणि मी, जो हे नंतर लिहून काढतो आणि पुढच्या रविवारी शिव्या खातो.

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी गावात शिरली तेव्हा समाच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कमरेइतकं पाणी होतं. नदीतली मगर तेवढी घरात आली नाही. पाणी उतरल्यावर पाहतो तर किचनच्या ट्रॉल्यांचा पार्टिकल बोर्ड चहात बुडवलेल्या खारीसारखा फुगलेला. दोन दिवाळ्या त्याने दारं सुतळीने बांधून काढल्या. आता मुलीचं ठरतंय, पाहुणे येणार, म्हणून नवा ओटा.

"पांढराशुभ्र. हळदीचा डाग पडत नाही. आणि लोकल आहे ने, इटलीबिटलीचा नाही. स्लॅब आपल्या गुजरातेतच बनतो. दुकानदार म्हणाला, सस्टेनेबल."

"दुकानदार तर मी पण आहे," टाइलवाला म्हणाला. "तो शब्द आम्हाला ब्रोशरमध्ये छापून येतो. त्याच्या आधी 'प्रीमियम' यायचा."

वकिलाला 'लोकल'च खुपलं. "सयाजीराव महाराजांनी लक्ष्मी विलास राजवाडा बांधला तेव्हा पाहिलं होतं लोकल? दगड सोनगढचा, लाल दगड आग्र्याचा, काळा पुण्याचा, संगमरवर इटलीचा. १८९० मध्ये पुरा झाला, अजून उभा आहे. माल चांगला पाहिजे, कुठला का असेना."

"महाराजांची तिजोरी होती. तुझ्या मेंटेनन्समध्ये लिफ्टची दोरी बदलून होत नाही," अण्णा म्हणाले आणि मांडी ठोकून बसले. अण्णांनी मांडी ठोकली की दुसरा चहा सांगायचा असतो.

"हे बघ, वीट, रेती, कपची हा सगळा वजनाचा माल. किंमत कमी, भाडं जास्त. म्हणून आधीचे लोक जवळचंच वापरायचे. पर्यावरणासाठी नव्हे, बैलगाडी होती म्हणून. आज जवळचं आणि चांगलं असं दोन्ही पाहिजे असेल तर वणाकबोरीची राख घे. तिथल्या कोळशाच्या थर्मल पॉवर प्लांटची. भट्टीच्या लाल विटेला शेताची वरची माती लागते. ती माती वाचावी म्हणून केंद्राने १९९९ मध्ये नियम काढला, की अशा प्लांटपासून ५० किलोमीटरच्या आत वीट पाडणाऱ्याने मातीत राख मिसळलीच पाहिजे. सिमेंटचंही तेच. गोणीवर पीपीसी, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट, लिहिलेलं असतं ने, त्यात १५ ते ३५ टक्के राख असते. तेवढं क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून केलेले सिमेंटचे खडे, कमी भाजावं लागतं. आणि क्लिंकर भाजताना जो कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यातला निम्म्याहून जास्त कोळशाचा नसतोच, चुनखडीच्या पोटातून निघतो. भट्टी सूर्यावर चालवलीत तरी तो निघणारच."

"आणि जवळचं पण वाईट?" मी विचारलं.

"रेती," अण्णा लगेच म्हणाले. "बोडेलीची रेती म्हटलं की कंत्राटदार खूश. ओरसंग नदीची, स्वच्छ, दाणेदार. आणि महीची. आता मला सांगा, आपण पाणी कुठलं पितो?"

"आजव्याच्या तलावाचं."

"आजव्याचं काही भागात. बाकीचं महीचं. फाजलपूर, रायका, दोडका इथे पात्रात फ्रेंच वेल आहेत. मोठी विहीर आणि तिच्या बुडातून चहूबाजूंना रेतीखाली आडवे पाइप सोडलेले. नदीचं पाणी रेतीतून गाळून त्या पाइपांत उतरतं आणि विहिरीतून आपल्या टाकीत येतं. म्हणजे रेती हा आपला फिल्टर. नदीची रेती उपसून आपण स्लॅब भरतो आणि मग किचनमध्ये आरओ लावतो."

यावर टाइलवाला एवढ्या जोरात हसला की बाकावरचा झोपलेला कुत्रा उठून गेला. माझ्या मते त्या सकाळचं सगळ्यात चांगलं वाक्य ते होतं. पण खरी गोष्ट अजून यायची होती.

"तुझ्या ओट्यावर येऊ," अण्णा समाला म्हणाले. "क्वार्ट्झ म्हणजे काय?"

"दगड."

"गारगोटी रे, गारगोटी! दळून, रेझिनच्या चिकात मळून, दाबून त्याची लादी करतात. नव्वद टक्क्यांच्या वर गारगोटीच."

मला एकदम वाड्याची गच्ची आठवली. दिवे गेले की आम्ही पोरं पांघरुणाखाली दोन गारगोट्या एकमेकींवर घासायचो. आत पिवळसर उजेड लुकलुकायचा आणि केस जळल्यासारखा वास यायचा. तोच दगड आता शोरूममध्ये स्क्वेअर फुटावर विकतात.

ताई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "ही गारगोटी दळायची कुठे, माहीत आहे? गोध्र्याला. इथून ऐंशीएक किलोमीटर. तुझ्या लोकलच्या आतच आलं ने?"

मग त्यांनी सांगितलं ते मी जवळजवळ त्यांच्याच शब्दांत देतो. अलीराजपूर, झाबुआ, धार या भागातले आदिवासी. शेतातलं काम संपलं की मजुरीसाठी गुजरातेत यायचे. क्रशरमध्ये पांढरे दगड टाकायचे आणि खालून पडणारी पिठासारखी पावडर गोणीत भरायची. तोंडाला गमछा. गमछ्याने पीठ अडतं, ही धूळ अडत नाही. ती डोळ्याला दिसतही नाही इतकी बारीक, थेट फुप्फुसाच्या तळाला जाऊन बसते आणि बाहेर येत नाही. काहींनी काही महिनेच काम केलं आणि दोन-चार वर्षांत गेले. एकेका घरातले दोन-दोन, तीन-तीन.

"फिल्म दिव्यावर लावली की छातीच्या वरच्या भागात बारीक ठिपके दिसायचे. काळ्या ताटात रवा सांडावा तसे. गावाकडे टीबी समजून गोळ्या देतात. गोळ्यांनी उतरत नाही, कारण हा सिलिकोसिस. त्याला औषध नाही. आणि वर अशा छातीला खरा टीबीही पटकन लागतो. मी विचारायची, काम काय करतोस? तर म्हणायचे, पत्थर का. एवढंच. कुठल्या फॅक्टरीत? माहीत नाही. हजेरीचा कागद? नाही."

वकिलाने ग्लास खाली ठेवला. तोंडाने कितीही फाटका असला तरी अशा वेळी तो नेमकं बोलतो. "केस सुप्रीम कोर्टात गेली होती. २०१० मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २३८ मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख द्यावेत अशी गुजरात सरकारला शिफारस केली. द्या असा कोर्टाचा हुकूम झाला २०१६ मध्ये."

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग वकिलातला वकील जागा झालाच. "पण ताई, ती पावडर जायची काचेच्या कारखान्यांना. ओट्यांना नाही. समाने क्वार्ट्झ नाही बसवलं, तर खिडकीच्या काचा काढणार? टाइलमध्ये काय असतं? माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ. कमोड कशाचा? तेच. ज्याने घर बांधलं त्याच्या घरात गारगोटी आहेच. आता एकट्या ओट्यावर राग काढून कुणाचं फुप्फुस वाचणार?"

मुद्दा खरा होता, म्हणूनच मला त्याचा राग आला. टाइलवाल्याला मात्र जोर चढला. टाइल बनवणाऱ्या मोरबीवर उगाच बोलायचं नाही, म्हणाला. तिथे कोळशापासून गॅस करणारे गॅसिफायर होते ते हरित लवादाने २०१९ मध्ये बंद करायला लावले, लोक नैसर्गिक गॅसवर गेले, खर्च वाढला, तरी धंदा चालू आहे. म्हणजे वरून दट्ट्या आला की सुधारणा होते, गिऱ्हाइकाच्या प्रश्नांनी होत नाही. "माझ्या दुकानात आजपर्यंत एकाने विचारलेलं नाही की ही टाइल कुणी बनवली. विचारतात, घसरते का."

"वरून दट्ट्या ऑस्ट्रेलियाने दिला," अण्णा म्हणाले. "१ जुलै २०२४ पासून तिथे हा क्वार्ट्झचा स्लॅब बनवायला, विकायला, बसवायला बंदी. जगात पहिलाच देश. ओटे कापणारी तिशी-पस्तिशीतली पोरं आजारी पडायला लागली म्हणून."

समाचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्या बायकोला तिथे उभं राहून पोळ्या लाटणं धोक्याचं?"

"नाही रे. एकदा बसला की तो दगडच आहे, काही करत नाही. धोका कापणाऱ्याला. सिंकचं भोक पाडताना, कड घासताना. कोरडं कापलं की धूळ. पाणी सोडून कापलं की तिचा चिखल होतो, हवेत उडत नाही. आणि ग्रॅनाइटलाही तेच लागू आहे. त्यात सिलिका, म्हणजे गारगोटीचंच द्रव्य, कमी, पण असतेच."

इथे मला माझं सांगावं लागलं. आमच्याकडे ग्रॅनाइटचा ओटा बसला तेव्हा कापाकापी खाली पार्किंगमध्ये झाली. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा उकिडवा बसून हातातलं ग्राइंडर चालवत होता. नाकाला रुमाल, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखा. मी गॅलरीतून ओरडलो होतो. काय ओरडलो, तर तुळशीवर धूळ येतेय. त्याने बिचाऱ्याने तोंड दुसऱ्या बाजूला केलं. धूळ आता सगळी त्याच्याच अंगावर. आणि मी दार लावून घेतलं.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. बोलल्या काही नाहीत.

अण्णांनी पर्याय काढला. "समा, पुरात तुझ्या घरात कुठली गोष्ट जशीच्या तशी राहिली?"

समाने डोकं खाजवलं. "स्टोअररूमची फळी. आईच्या वेळची. कडप्पा. नळी लावून धुतली, झाली नवी."

"मग? खाली ट्रॉल्यांऐवजी कडप्प्याच्या फळ्या घाल, वर कोटा घाल. दोन्ही चुनखडीचे दगड, सिलिका क्वार्ट्झपेक्षा बरीच कमी. कोटा राजस्थानातून येतो, कडप्पा आंध्रातून, म्हणजे तुझं लोकल मोडलं. पण पुढच्या पुरात फेकायचं काही नाही. जे तीस वर्षं टिकतं ते दोनदा बनवावं लागत नाही."

"कोट्यावर लिंबू पिळलं की पांढरा डाग पडतो," टाइलवाला म्हणाला. "खाऊन टाकतं आम्ल. आमसुलाचं पाणी सांडू दे, नकाशा उमटतो. आठ दिवसांत वहिनी याला फोन करतील, मला नाही."

वहिनींचा उल्लेख आल्यावर समाचा निर्णय झालाच होता, असं मला वाटतं. त्याने फळ्या कडप्प्याच्या मान्य केल्या. ओटा क्वार्ट्झचाच. ताई म्हणाल्या, ठीक आहे, पण कापणार कसा ते आत्ता विचार, आमच्यासमोर.

त्याने कारागिराला फोन लावला. स्पीकर चालू.

"भाई, पानीवाला कटर आहे ने तुझ्याकडे?"

"आहे ना साहेब."

"मग पाणी सोडून कापशील? आणि तो पोरगा येतो त्याला चांगला मास्क मी देईन, रुमाल नको."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग आवाज आला, "मी तर पाण्यानेच कापतो साहेब. पण तुमच्या सोसायटीत नाही चालत. मागच्या वेळी तिसऱ्या माळ्यावर काम होतं, तेव्हा नोटीस लावली होती. पार्किंगमध्ये पाणी आणि चिखल केला तर पाचशे रुपये दंड. मग कोरडंच कापलं."

फोन बंद झाला. पाच जोड्या डोळे वकिलाकडे वळले.

"लोक तक्रार करत होते," वकील म्हणाला. "गाड्यांना चिखल लागत होता. धुळीची तक्रार कुणी केली नाही."

"आणि चिखल गटारात सोडला की गटार तुंबतं, तेही आहे," अण्णा त्याच्या मदतीला आले, पण अर्ध्यावरच. "पाणी एका पिंपात जमा करायचं. रात्रभर ठेवलं की गाळ खाली बसतो. वरचं पाणी पुन्हा कटरला वापरायचं. खालचा गाळ ओला असतानाच गोणीत भरून न्यायला सांगायचं. झाडूने झाडायचा नाही. वाळला की पुन्हा तीच धूळ."

वकिलाने मोबाइल काढला आणि तिथल्या तिथे नवी नोटीस टाइप करायला घेतली. पहिलं वाक्य गुजरातीत चांगलं झालं: दगड पाणी सोडूनच कापावा, कोरडा कापल्यास दंड. दुसऱ्यावर गाडी अडली.

"या ओल्या गाळाला काय लिहू? स्लरी कुणाला कळणार नाही."

"रगडो लिही," टाइलवाला म्हणाला. "साइटवर तेच म्हणतात."

"'रगडा पिंपात साठवावा आणि गोणीत भरून न्यावा,'" वकिलाने वाचून दाखवलं आणि थांबला. "लोकांना पॅटिस आठवेल."

"आठवू दे," ताई म्हणाल्या. "लाव."