जुनी मोटारसायकल बघायला जाताना इंजिन गारच हवं

जुनी मोटारसायकल घ्यायचीय, काय बघू, असं कुणी विचारलं की माझं पहिलं सांगणं एकच असतं. आदल्या दिवशी फोन करून मालकाला सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. आणि पोचल्यावर गाडीचं कौतुक ऐकत बसण्याआधी इंजिनाला हात लावून बघा. कोमट लागलं तर कारण विचारा. "आत्ताच जरा फिरवून आणली" हे खरंही असेल, प्रत्येक विकणारा लबाड नसतो. पण मग पूर्ण गार होईपर्यंत थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी या. इथे भीड धरू नका.

एवढा हट्ट का? कारण तापलेलं इंजिन बऱ्याच तक्रारी पोटात घालतं. गार असताना पिस्टन आणि सिलिंडरमधली फट थोडी जास्त असते. पिस्टन घासलेला असेल तर चालू केल्या केल्या खडखड ऐकू येते, आणि इंजिन तापलं की ती विरून जाते. झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलचंही (व्हॉल्व्हभोवतीचं ऑइल अडवणारं रबर) तसंच. गाडी रात्रभर उभी राहिली की तेल हळूहळू खाली झिरपतं, सकाळी पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट निघतो आणि थोड्याच वेळात सगळं स्वच्छ. नंतर आलेल्या गिऱ्हाइकाला तो दिसणारच नाही. कितीदा सेल्फ मारावा लागतो, चोकशिवाय आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता, टिकते का, हेही गार असतानाच कळतं.

धूर नीट बघायला शिका. थंड हवेत सुरुवातीला दिसणारी आणि लगेच नाहीशी होणारी पांढरी वाफ म्हणजे सायलेन्सरमधलं पाणी, तिला घाबरू नका. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर, कार्बोरेटर किंवा एखादा सेन्सर, बहुतेक वेळा हे बाहेरून होणारं काम असतं. निळा धूर म्हणजे गाडी ऑइल खातेय. उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावरच निळा लोट येत असेल तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. पिकअप घेताना सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंग आणि सिलिंडर, म्हणजे इंजिन खोलणं आलं. (हे सगळं फोर-स्ट्रोकचं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळतच असतं, तिथे थोडा निळा धूर असणारच.)

आता माझं खरं म्हणणं. दोष असलेली गाडी घेऊच नका, असं मी म्हणत नाही. जुन्या गाडीत काहीतरी असणारच. चेन-स्प्रॉकेट, टायर, ब्रेक पॅड, बॅटरी, क्लच प्लेट, कोन सेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग), हे झिजण्यासाठीच असतं; किमतीत धरा आणि बदला. मला वाईट याचं वाटतं की लोक टाकीवरच्या ओरखड्यावरून तासभर घासाघीस करतात आणि दुसरा गिअर सटकतो का हे बघतच नाहीत. चढावर दुसऱ्यात टाकून जोरात थ्रॉटल द्या. गिअर आपोआप न्यूट्रलला आला तर ते काम क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, उघडल्याशिवाय होत नाही. अशी गाडी कितीही चकाचक असो, तिच्याकडे पाठ फिरवायला मी लगेच तयार असतो.

तीच गोष्ट चेसीची, म्हणजे गाडीच्या फ्रेमची. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवलं की ते जिथे अडतं, तिथे फ्रेमवर लोखंडाचे छोटे ठोकळे असतात. टॉर्च मारून ते बघा. एका बाजूचा ठोकळा चेपलेला, तुटलेला किंवा नव्याने वेल्डिंग केलेला असेल तर गाडी समोरून जोरात आदळलेली असण्याची दाट शक्यता आहे. आसपासच फक्त रंग ताजा असेल तर तेही लक्षात ठेवा. मडगार्ड, लिव्हर, इंडिकेटर नवे टाकून मिळतात, हे ठोकळे सहसा कुणी सरळ करत बसत नाही. मग पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यावर येताच अडकल्यासारखं झालं तर कोन सेट गेलाय. ते साधं काम आहे, वाकलेली फ्रेम साधं काम नाही.

बाकीचं पटकन उरकतं. टायर कधी बनला हे सांगणारे चार आकडे त्याच्यावर असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन मागे ओढून बघा. अर्धा दात उघडा पडला तर चेन संपली. बॅटरीवर मीटर लावा. बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट, चालू करून थोडा थ्रॉटल दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा. तेवढा वाढत नसेल तर चार्जिंगमध्ये गडबड आहे, नुसती बॅटरी बदलून भागणार नाही.

चक्कर मारून आल्यावर गाडी बंद करा, पाचेक मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करा. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) फार टाइट असतील किंवा ठिणगी देणारी कॉइल तापल्यावर दगा देत असेल, तर ती तक्रार बऱ्याचदा इथेच पकडली जाते.

"किरकोळ आहे हो, कार्बोरेटर साफ केला की झालं," हे वाक्य जवळपास दर वेळी ऐकू येतं. माझं त्यावर शांतपणे एवढंच असतं, मग तेवढं साफ करून ठेवा, मी परवा पुन्हा येतो. खरंच किरकोळ असेल तर माणूस करून ठेवतो. टाळाटाळ झाली तर तो दोष मी मोठा धरूनच किंमत सांगतो. ज्या बिघाडाचं कारण मालकालाही सांगता येत नाही आणि सोबतच्या मेकॅनिकलाही, ती गाडी स्वस्त आहे म्हणून घेऊ नका. तिच्या दुरुस्तीचा अंदाजच बांधता येत नाही.

आणि सगळं पटून घेतलीच, तर सर्वात आधी इंजिन ऑइल बदला आणि स्वतः समोर उभे राहा. जुनं ऑइल स्वच्छ भांड्यात काढायला लावा. काळं असेल तर ठीक. दुधासारखं असेल तर त्यात पाणी गेलंय. ड्रेन बोल्टला पिठासारखी बारीक काळी पूड चिकटलेली चालते, पण बोटांना टोचणारे धातूचे तुकडे निघाले तर ते कुठून आले हे कळेपर्यंत गाडी लांबच्या प्रवासाला काढू नका.