बदलाला विरोध करणारा माणूस निबंधात नीट येऊ द्या

बिझनेस स्कूलच्या अर्जाचे निबंध दरवर्षी माझ्याकडे वाचायला येतात. ओळखीतली मुलं पाठवतात, मीही आवडीने वाचतो. ‘तुम्ही संस्थेत घडवून आणलेला बदल’ हा विषय असला की एक वाक्य हमखास सापडतं : “सुरुवातीला ज्येष्ठ कर्मचाऱ्यांचा विरोध झाला, पण मी त्यांना विश्वासात घेतलं.” पुढच्याच ओळीत निकाल. इतके तास वाचले, इतके टक्के काम वाढलं.

मला या वाक्याचा खरोखर राग येतो. निबंधाचा सगळा जीव तिथे असतो आणि लिहिणारा नेमका तिथूनच काढता पाय घेतो.

मध्यंतरी एका मुलीचा ड्राफ्ट आला होता. गोदामाचा साठा रजिस्टरवरून सॉफ्टवेअरवर नेण्याचं काम तिच्याकडे होतं. जुने स्टोअरकीपर काका वही सोडायला तयार नव्हते, एवढाच त्यांचा उल्लेख. मी विचारलं, “काका नेमकं म्हणत काय होते?” तिला सगळं आठवत होतं. ऑर्डर 500 नगांची आणि गाडीतून उतरले 320, तर नव्या सिस्टीममध्ये आवक नोंदवताच येत नव्हती. पूर्ण आकडा टाका, नाहीतर थांबा. काका राहिलेले 180 वहीत पेन्सिलीने लिहायचे आणि माल आला की खोडायचे. ही वही घेऊन ती सॉफ्टवेअरवाल्यांकडे गेली, अर्धवट आवक नोंदवायची सोय करून घेतली आणि तोवर नवी सिस्टीम सुरू करणं पुढे ढकललं. बॉसची बोलणीही खाल्ली. यातलं एक अक्षर ड्राफ्टमध्ये नव्हतं, कारण “उशीर झाला असं कसं लिहायचं?”

अगं, तेच तर लिहायचं! कोणाचं ऐकून तुझा बेत बदलला, हे कळल्याशिवाय तू बदल हाताळलास हे वाचणाऱ्याला कळणार कसं?

ही गोष्ट अभ्यासकांनी फार पूर्वी दाखवून दिली आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हारवूड कंपनीत पायजमे शिवले जायचे. कामाची पद्धत बदलली की कामगारांचा वेग पडायचा, लोक नोकरी सोडायचे. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी तिथे केलेला प्रयोग 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला बदल फक्त कळवला, एका गटाचे प्रतिनिधी चर्चेत घेतले आणि दोन गटांतल्या सगळ्यांनाच नवी पद्धत ठरवायला बसवलं. नुसतं कळवलेल्या गटाचं उत्पादन पडलं ते सावरलंच नाही. पहिल्या 40 दिवसांत त्यातले 17 टक्के लोक सोडून गेले. सगळे सहभागी असलेले गट भराभर सावरले आणि आधीच्या वेगाच्याही पुढे गेले. कामगार त्याच कारखान्यातले होते. फरक होता तो त्यांना कितपत विचारलं याचा.

म्हणून विरोधकाचं म्हणणं निबंधात पूर्ण ताकदीनिशी मांडा. वाचणाऱ्याला क्षणभर वाटलं पाहिजे की हा माणूस बरोबर बोलतोय.

त्याऐवजी काय येतं, तर संस्थेत बदल कसा घडवावा याचे अभ्यासक कर्ट लेविनने सांगितलेले तीन टप्पे, नाहीतर जॉन कॉटरच्या 8 पायऱ्या. दोघांचंही काम मोठं आहे, पण अर्ज वाचणाऱ्यांना ते पाठ असतं. हार्वर्डने 2024 पासून एका लांब निबंधाऐवजी तीन छोटे निबंध मागायला सुरुवात केली; त्या वेळी नेतृत्वावरच्या प्रश्नाला 250 शब्दांची मर्यादा होती. त्यातले 60 शब्द कॉटरच्या पायऱ्यांवर घालवले तर तुमच्यासाठी उरतं काय?

“पण माझ्या हातात अधिकार कुठे होता?” हा प्रश्न तर प्रत्येक जण विचारतो. पंचविशी-सत्ताविशीतल्या माणसाने कंपनी उलटीपालटी केली असेल, अशी कोणाचीच अपेक्षा नसते. अधिकार नसताना माणसं कशी सोबत आणली, हे तर जास्त वाचनीय. मात्र निर्णय वरून आला असेल तर तसं सरळ लिहा आणि स्वतःच्या वाट्याचं काम दाखवा. शिफारसपत्र बहुतेकदा तुमचा बॉसच लिहितो आणि त्यात त्याच प्रोजेक्टचा उल्लेख असू शकतो. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर गोष्ट जुळायला हवी.

टक्केवारीबद्दल एवढंच : आधी किती होतं ते सांगितल्याशिवाय ‘30 टक्के वाढ’ लिहू नका.

सप्टेंबरच्या किंवा जानेवारीच्या राउंडसाठी कोणी लिहीत असेल तर ड्राफ्ट जरूर पाठवा, मी मनापासून वाचेन. सोबत एका वेगळ्या कागदावर तुमच्या बदलाला सर्वांत जास्त विरोध करणाऱ्या माणसाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून पाठवा. मी आधी तो कागद वाचणार आहे.