मोटरी किती आणि बॅटरी कुठे : मॅस्कॉटच्या डोक्याविषयीच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मॅस्कॉटच्या (आत माणूस असलेल्या, वेश चढवलेल्या पात्राच्या) डोक्यात मोटरींनी हलणारा जबडा आणि पापण्या बसवा, बॅटरी मात्र कमरेला बांधा, असं मी लिहिलं होतं. ते इतकं बारकाईने वाचून लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप दोन. २००९ मधले व्होडाफोनच्या जाहिरातींतले झूझू मोटरीशिवाय घराघरांत पोचले, मग प्रचाराच्या मॅस्कॉटला ॲनिमेट्रॉनिक, म्हणजे मोटरींनी हलणारं, डोकं कशाला? आणि बॅटरी कमरेला बांधली तर वायर लांबते, व्होल्टेज पडतं, सर्वो (ठरलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या छोट्या मोटरी) थरथरतात. म्हणून ती डोक्यातच हवी.

झूझूंचं उदाहरण जाहिरातपटापुरतं चोख आहे. आत माणसंच होती आणि भाव रबराचे करून डोक्यावर चिकटवलेले. दोन शॉटच्या मधे ते बदलता येतात. मॉलमध्ये ही सोय नाही. तिथे मूल समोर उभं राहून तोंडाकडे बघत असतं. म्हणून जबडा आणि पापण्या एवढ्याच हालचाली सुचवल्या. बुबुळं पाच-सहा मीटरवरून कळत नाहीत, आणि एमजी ९९६ आर सर्वो एकटाच ५५ ग्रॅमचा. हे सगळं मानेवर येतं.

वायरची शंका रास्त आहे. कमरेलाच ६ व्होल्ट करून वर पाठवले तर तुम्ही म्हणता तसंच होईल. त्याऐवजी ३ एस लिपोचे (तीन सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचे) ११.१ व्होल्ट सरळ वर न्या आणि ६ व्होल्टचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) डोक्यात, सर्वोंच्या शेजारी बसवा. १८ गेज वायरचा रोध मीटरला साधारण ०.०२१ ओहम. जाऊन-येऊन दोन मीटर, म्हणजे ०.०४२. पाच ॲम्पियर ओढले तरी ०.२१ व्होल्टच पडतो. बॅटरी दर सेलला ३.३ व्होल्टपर्यंत उतरली तरी तिच्यापाशी ९.९ राहतात, ६ करायला ते पुरतात. कन्व्हर्टरच्या आउटपुटवर क्षणिक झटका सावरणारा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि बॅटरीपाशी फ्यूज मात्र हवाच.

लिपो डोक्यात नको, याचं मोठं कारण आग. सेल दबला किंवा शॉर्ट झाला तर पेट घेतो, आणि भोवती ॲक्रिलिक फर, ईव्हीए फोम. कमरेचा पाउच वेल्क्रो ओढून फेकता येतो. पंजे घातलेल्या हातांनी डोकं झटकन निघत नाही. आतल्या माणसाच्या जिवाशी खेळ नको.

थरथर बहुतेक वेळा तोलामुळे होते. जबडा २५० ग्रॅमचा आणि त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ८ सेंमीवर असेल, तर बिजागरीवर सतत २ किलो-सेंमी भार. सर्वो थांबलेला दिसतो, पण जबडा जरा घसरला की पुन्हा उचलतो, गरमही होतो. बिजागरीमागे इलॅस्टिक लावून, जबड्याला सर्वोशी जोडणारी दांडी सोडल्यावरही जबडा आपोआप मिटलेला राहील इतका ताण द्या. मग सर्वोला फक्त उघडायचं काम उरतं. फर चढवल्यावर पुन्हा तपासा. ओठांच्या कोपऱ्यांत जाड फर शिवली की ती जबडा ओढून धरते आणि सगळा तोल बिघडतो. तिथे लायक्राची पट्टी घाला, आणि तीही तोंड पूर्ण उघडं ठेवून शिवा. मिटलेल्या तोंडावर शिवलेली पट्टी उघडताना टाक्यांतून उसवते.

तुमच्या मॅस्कॉटच्या डोक्यातल्या थरथरीचं कारण शोधायचं तर आधी जबड्याची दांडी सोडा. थांबली, तर दोष तोलाचा. नाही थांबली, तर दांडी परत जोडून मीटर कन्व्हर्टरच्या आउटपुटला लावा, जबडा हाताने क्षणभर अडवा. आकडा ५ व्होल्टच्या खाली गेला तर कन्व्हर्टर अपुरा आहे. तीन सर्वोंना किमान ५ ॲम्पियरचा घ्या.