तेल आधी की पाणी? चोपड्याच्या काकूंच्या प्रतिक्रियेला उत्तर

काकू, दाट कुरळे केस सांभाळण्यावरच्या माझ्या मागच्या लेखाला तुम्ही नातीच्या केसांवरून पाठवलेली प्रतिक्रिया चांगलीच तिखट आहे. पण तिच्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत: 'कानामागे रुपयाएवढी जागा मोकळी झालीय, तिथे रोज एरंडेल चोळते.' म्हणून आधी तेच.

त्या जागेवर तेल चोळणं आजच थांबवा. नातीला दारातल्या उजेडात बसवा आणि नीट बघा. कातडीवर खवले आहेत का? केस मुळाशी तुटून काळे ठिपके राहिलेत का? मानेला हात लावला तर बारीक गाठी लागतात का? तसं असेल तर ते डोक्यातलं गजकर्ण असण्याची शक्यता मोठी आहे. शाळकरी मुलांना ते एकमेकांच्या टोप्या-कंगव्यांतून होतं. नुसत्या मलमाने ते जात नाही, कारण बुरशी केसाच्या आत मुळापर्यंत शिरलेली असते. डॉक्टर पोटातून घ्यायचं औषध देतात आणि ते काही आठवडे घ्यावं लागतं. जागा काचेसारखी गुळगुळीत असेल तर ती चाई असू शकते, आणि वेणीच्या ओढीच्या रेषेत असेल तर ओढीने गेलेले केस. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. तोवर तिचा कंगवा, पंचा आणि उशी घरात कुणी वापरू नये.

आता तुमची मूळ तक्रार. सून केनियाची, नात सहा वर्षांची, केस आईवर गेलेले, आणि ते सांभाळायचं काम सध्या तुमच्याकडे. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की असे केस आठवड्यातून एकदा धुवावेत, तेल ओल्या केसांवरच लावावं, कोरडे केस विंचरू नयेत आणि मधल्या दिवसांत ग्लिसरीनचं पाणी फवारावं. तुम्ही महिनाभर सगळं केलंत आणि केस 'वाळल्या कडब्यासारखे' झाले. वर तुमचा सवाल: 'चार पिढ्या रोजच्या तेलावर वाढल्या, त्या काय चुकल्या?'

ग्लिसरीनची चूक माझी. ग्लिसरीन आजूबाजूला जिथे ओल असेल तिथून ती ओढून घेतं. मुंबईच्या दमट हवेत ते हवेतून ओढून केसाला देतं. आपल्याकडे खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, दुपारी उष्ण झळा सुटतात आणि हवेत ओल नावाला नसते. मग ते केसातलीच ओल ओढतं आणि ती उडून जाते. हे मी लिहायला हवं होतं. अक्षयतृतीयेच्या आसपासपासून पहिला दमदार पाऊस होईपर्यंत ग्लिसरीन बंद. विकतच्या लीव्ह-इन क्रीमच्या, म्हणजे लावून न धुता तसंच ठेवायच्या क्रीमच्या, बाटलीवरही घटकांच्या पहिल्या तीन-चार नावांत ग्लिसरीन असेल तर ती बाटली श्रावणासाठी ठेवून द्या. उन्हाळ्यात साधं पाणी फवारा आणि त्यावर घट्टसर क्रीम लावा.

चार पिढ्यांचं म्हणाल तर त्या चुकल्या नाहीत, त्यांचे केस वेगळे होते. टाळूवर जे नैसर्गिक तेल सुटतं ते सरळ केसावरून सहज खाली उतरतं. नातीचा केस बॉलपेनमधल्या स्प्रिंगसारखा आहे. मुळातून निघाल्यापासून तो वेढे घेतो, म्हणून तेल पहिल्या एक-दोन वेढ्यांतच अडकतं. टाळू तेलकट आणि टोकं भुकेली असं एकाच डोक्यावर दिसतं ते यामुळे. शिवाय असा केस कापून पाहिला तर गोल नसून चपटा, लांबट दिसतो आणि प्रत्येक वळणावर नाजूक असतो. तो मोडतो तोही त्या वळणावरच.

तुम्ही रोज कोरड्या केसांवर तेल लावता तेव्हा काय होतं, ते आपल्याकडच्या मातीच्या माठासारखं आहे. रिकाम्या माठाला बाहेरून तेल लावलं तर माठ चकाकेल, आत पाणी येणार नाही. तेलात पाणी नसतंच. तेलाचं काम आतली ओल धरून ठेवायचं, आणि त्यासाठी ती आधी आत असायला हवी. म्हणून क्रम असा: पाणी, मग क्रीम, मग हातावर चोळलेले तेलाचे पाच-सहा थेंब. हा क्रम उलटला की तेलाच्या थरावरून पाणी ओघळून जातं.

तेलाशी माझं वैर नाही हेही सांगते. धुण्याच्या आधी अर्धा-पाऊण तास दोन-तीन चमचे खोबरेल लावणं ही अगदी योग्य पद्धत आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय संशोधनात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसातलं प्रथिन वाया जाणं खोबरेलानेच कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं. एरंडेलाचं मात्र जपून. ते इतकं चिकट असतं की दाट चोपडून धुतलं तर दाट केसांची नमद्यासारखी घट्ट जट होऊ शकते, मग कात्रीच लागते. लावायचंच असेल तर एक भाग एरंडेलात तीन भाग खोबरेल मिसळा, आणि टोकांनाच.

तरीही कडबा का झाला? माझा संशय ग्लिसरीनइतकाच तुमच्या बोअरिंगवर आहे. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर, बादलीच्या काठाला पांढरी रेघ, डाळ शिजायला वेळ, असं तुम्हीच लिहिलंय. त्या पाण्यातला चुना आणि मॅग्नेशियम केसावर बसतात. साबण वापरला तर त्यांचा चिकट साका होतो, आणि तो या वेढ्यांतून निघता निघत नाही. केस पांढुरका, खरखरीत दिसतो आणि क्रीम वरच्या वर राहतं. बाटलीत थोडं पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा चुरा टाकून हलवा. फेसाऐवजी दुधाळ पाणी झालं तर पाणी जड आहे.

सगळं डोकं फिल्टरच्या पाण्याने धुवायची गरज नाही. धुणं बोअरच्या पाण्यानेच करा. शेवटचे दीड-दोन लिटर मात्र जारचं किंवा फिल्टरचं घ्या. ते नसेल तर पाणी दहा मिनिटं उकळा, गार होऊ द्या, तळाचा पांढरा गाळ न हलवता वरचं ओतून घ्या. उकळून सगळ्या प्रकारचा जडपणा जात नाही. गार झाल्यावर साबणाची परीक्षा पुन्हा करा, पुन्हा दुधाळ झालं तर जारच बरा. महिन्यातून एकदा असा शाम्पू वापरा ज्याच्या घटकांत डायसोडियम ईडीटीए किंवा टेट्रासोडियम ईडीटीए लिहिलेलं असेल. तो बसलेला क्षार धरून पाण्याबरोबर नेतो.

शिकेकाईबद्दल तुम्ही विचारलंत. शिकेकाई चालेल, पुडी नको. पुडीचे कण वेढ्यांत अडकतात आणि आठवडाभर खाजतात. शेंगा रात्री भिजवून सकाळी उकळा, दाट कापडातून दोनदा गाळा, आणि तो काढा टाळूलाच लावा. रिठा मात्र नको, तो डोळ्यांत गेला की पोर पुढच्या वेळी न्हाणीत पाऊल ठेवणार नाही.

आता रडण्याकडे येते. 'चार तास लागतात, पोर रडी रडी थकी जास' हे वाचून मला तेलापाण्याच्या वादापेक्षा जास्त वाईट वाटलं. 'ओले केस विंचरू नयेत' हा तुमच्या आईचा नियम सरळ केसांसाठी खरा आहे, कारण ओला केस ताणला जातो आणि तुटतो. स्प्रिंगसारख्या केसांत उलट होतं. कोरडे असताना वेढे एकमेकांत अडकून बसतात. ओले आणि बुळबुळीत झाले की ते लांबतात, एकमेकांवरून सरकतात आणि कंगव्याला लागणारा जोर खूप कमी होतो.

केसांचे आठ भाग करा आणि सात पिळून क्लिपने बांधून ठेवा. आठवा भाग पाणी ठिबकेल इतका ओला करा आणि त्याला एक मोठा चमचा कंडिशनर लावा. पुरेसं झालं की बटेतून 'चपचप' असा आवाज येतो. येत नसेल तर कंडिशनर नव्हे, पाणी वाढवा. डाव्या हाताने बट मधोमध घट्ट धरा, म्हणजे ओढ टाळूपर्यंत जाणार नाही. रडू थांबतं ते या पकडीने. मग उजव्या हाताची बोटं शेवटच्या दोन बोटांएवढ्या लांबीत घाला. गाठ लागली तर खाली ओढू नका. ती चिमटीत धरून आडवी फाकवा, लोकर पिंजतात तशी, आणि तिच्यातून एकेक केस बाजूला काढा. टोक मोकळं झालं की पकड इंचभर वर. बोटं मुळापासून टोकापर्यंत न अडखळता गेली की मगच रुंद दातांचा कंगवा, ज्याच्या दोन दातांत तुमची करंगळी जवळजवळ मावेल. झालेला भाग पीळ घालून बाजूला ठेवा. एका भागाला पाच-सात मिनिटं धरा, म्हणजे सगळं तासाभरात होतं. चार तास लागतात ते कोरड्यात.

उवांची बारीक फणीसुद्धा याच अवस्थेत, कंडिशनर असतानाच फिरवायची. कोरड्या केसांत ती घातली तर उवा कमी आणि केस जास्त निघतील.

शाम्पू पाव कप पाण्यात एक चमचा पातळ करून, केसांच्या भागांमधल्या भांगांतून फक्त टाळूला लावा. केस त्या ओघळत्या पाण्याने स्वच्छ होतात, ते डोक्यावर गोळा करून घासायचे नाहीत. टॉवेलऐवजी जुना सुती बनियान घ्या आणि पिळायचं नाही, दाबायचं.

'विकतच्या बाटल्या आमच्या खिशाला परवडत नाहीत' हा मुद्दा मान्य. कंडिशनर साधा, मोठ्या बाटलीतला घ्या. जेल मात्र घरी होतं. पाव वाटी जवस, म्हणजे आपली अळशी, दोन वाट्या पाण्यात मध्यम आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. सात-आठ मिनिटांत डावाखाली अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार येते. तिथेच गॅस बंद करा आणि गरम असतानाच गाळा. पाच मिनिटं जरी 'आत्ता गाळते' म्हणत थांबलात तर ते घट्ट होऊन बियांना चिकटतं. चहाची गाळणी तुंबते. मलमलच्या फडक्यात किंवा जुन्या नायलॉन मोज्यात घालून सांडशीने दाबा. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. मे महिन्यात ओट्यावर ठेवलं तर एका दिवसात आंबतं. आंबूस वास आला की टाकून द्या. केस ठिबकत असताना लावा. अर्धवट वाळलेल्या केसांवर लावलं तर पापुद्रे निघतात आणि कोंडा समजून पुन्हा तेल चोळलं जातं. कोरफड वापरणार असाल तर पात कापून पंधरा मिनिटं उभी ठेवा, पिवळा चीक निथळू द्या. खाज सुटते ती त्या चिकाने.

शाळेच्या दोन वेण्यांवर तोडगा आहे. धुण्याच्या दिवशी ओल्या केसांचे आठ-दहा दोनपदरी पीळ घाला. रोज सकाळी पीळ न सोडता उजवीकडचे आणि डावीकडचे गोळा करून दोन रिबिनी बांधा. बाईंना दोन वेण्याच दिसतात आणि आठवडाभर फणी लागत नाही. कपाळाच्या कडेचे कोवळे केस रिबिनीत ओढू नका. पीळ घातल्यावर भुवया वर ओढल्यासारख्या झाल्या, मुळांशी बारीक पांढऱ्या पुटकुळ्या आल्या किंवा डोकं दुखतं म्हणाली, तर त्याच क्षणी सैल करा. अशी ओढ वर्षानुवर्षं राहिली तर तिथले केस कायमचे जातात. साधं रबर नकोच. गुंतलंच तर ओढू नका, तेल लावून कात्रीने कापा. रात्री उशीला साटीनचा अभ्रा घाला, कापडाच्या दुकानातून मीटरभर अस्तराचं साटीन आणलं तरी भागतं. सुती अभ्रा ओल शोषतो आणि केस घासतो.

शेवटी जावळाचं. 'धुळ्याला एकविरेला जावळ काढलं तरी कुरळेच आले, आता पुन्हा गोटा करू का?' असं तुम्ही विचारलंत. नवस असेल तर तो तुमचा प्रश्न, पण केस सरळ करण्यासाठी म्हणून नको. केसाचा आकार कातडीखालच्या मुळाच्या आकारावरून ठरतो आणि वस्तरा फक्त कातडीवरचं कापतो. बाळाचे केस पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआपच बदलतात. जावळ नेमकं त्याच सुमारास निघतं, म्हणून श्रेय वस्तऱ्याला मिळतं. पार्लरमधलं स्मूदनिंग आणि केराटिन तर सहा वर्षांच्या मुलीला अजिबातच नको. त्यातली काही रसायनं केसाचे आतले बंध तोडतात, टाळू भाजू शकते, आणि काहींच्या वाफेत फॉर्मल्डिहाइड असतं.

'केस वाढतच नाहीत' हेही तपासून बघा. असे केस वाळले की आखडून निम्म्याहून कमी लांबीचे दिसतात. दर महिन्याच्या एक तारखेला कानाच्या वरची एकच बट ओली करून, ताणून, टेपने मोजा. महिन्याला पाऊण ते एक सेंटिमीटर वाढ दिसली तर सगळं ठीक चाललंय. दिसली नाही तर कंगव्यात अडकलेले केस पांढऱ्या कागदावर ठेवा. टोकाला पांढरी बारीक गाठ असलेला केस मुळातून गळलेला आहे, ते रोजचंच. गाठ नसलेले आखूड तुकडे जास्त असतील तर केस वाढतोय पण तेवढाच टोकाला मोडतोय. अशा वेळी प्रत्येक पिळाचं टोक धारदार कात्रीने अर्धा इंच कापा. कागद कापायची कात्री नको.