तुरुंगात गाणी ऐकवून ऐश चालूय म्हणे!

दोन दिवसापासून आमच्या जालन्याच्या तीन-तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरायलाय. "खून-दरोडे करा, तुरुंगात जा, सरकार म्युझिक थेरपी देईल. शेतकरी मरतोय, गुन्हेगार ऐश करतोय. गाण्यानं कुणी सुधरत नसतं." खाली हसणारे स्मायली.

आधी ते खून-दरोडे. एनसीआरबीचे (देशभरच्या गुन्ह्यांची, तुरुंगांची नोंद ठेवणारं केंद्राचं खातं) 2022 चे आकडे बघा, देशात 5,73,220 कैदी, त्यातले 4,34,302 कच्चे, म्हणजे चारातल्या तिघांवर गुन्हा अजून सिद्धच नाही, अन् कित्येक जण नुसता जामीनदार मिळंना म्हणून आत बसलेत. मोंढ्यातल्या हमालाच्या पोरासाठी सातबारा घेऊन कोण उभं राहतंय, सांगा बरं.

ऐश म्हणाल तर त्याच वर्षी 119 कैद्यांनी आत जीव दिला.

आणि थेरपी म्हणजे बराकीत स्पीकर लावणं नव्हे हो. ट्रेनिंग घेतलेला माणूस थोड्या जणांना घेऊन बसतो, गाणं ऐकून त्याच्यावर बोलायला लावतो, वाजवायला देतो, स्वतःच्या शब्दात गाणं बांधून घेतो, जे मुलाकतीला आलेल्या बायकोसमोर तोंडातून निघत नाही ते तिथं निघतं. 2022 ला राज्यातल्या तुरुंगांत भजन-अभंग स्पर्धा झाली, चांगलंच झालं (मी स्वतः मंडळात टाळ धरतो), पण ती स्पर्धा, हा उपचार.

"सुधरत नसतं" यात थोडं खरंय. चोराचा साधू होतो असं कुणी अभ्यासकही म्हणत नाही. बीजिंगच्या तुरुंगात 200 पुरुष कैदी घेतले, निम्म्यांना गटानं या थेरपीच्या 20 बैठका दिल्या, निम्म्यांचं नेहमीसारखं चालू ठेवलं. बैठकावाल्यांची चिंता, डिप्रेशन कमी झालं, स्वतःबद्दलचं मत सुधारलं. नॉर्वेत मात्र 113 जणांवर करून फरक दिसला नाही, कारण बरेच जण लवकरच बाहेर पडले, पुरेशा बैठका झाल्याच नाहीत.

शेतकऱ्यासाठी भांडायचं असंल तर चला, मी पुढं. पण त्याचं नाव घेऊन दुसऱ्याचा उपचार कशाला तोडता? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजार असलेल्या कैद्यांसाठी वेगळं कलमच आहे, 103 नंबरचं, ती काय मेहेरबानी नाही.

अन् नॉर्वेवाल्यांना जी वेळेची अडचण आली ती आपल्याकडं कित्येकांच्या बाबतीत येणार नाही. इथं कित्येकांना तारखेवर तारीख पडती, 20 काय, 100 बैठका झाल्या तरी असलं पोरगं आतच असतंय.