त्या नऊ नावांना वेळ नव्हता

रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि दुपारचा तो कागद काही डोळ्यांसमोरून हलत नाहीये. लिहून टाकते, नाहीतर झोप लागायची नाही.

आज पेन्टेकॉस्ट, येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाचा सण. चर्चमधल्या मिस्सेनंतर, म्हणजे उपासनेनंतर, आम्हा युवकांचं चिंतन होतं, विषय 'पवित्र आत्मा आणि जगभरच्या माणसांशी आपली बांधिलकी'. शेवटच्या प्रार्थनेत नऊ नावं घ्यायची ठरली होती. एका दूरच्या देशात आमच्यासारखाच युवकांचा एक गट आहे, त्यातली युद्धात गेलेली ही नऊ मुलं-मुली. आमच्यातला सोळा वर्षांचा एक मुलगा आठवडाभर त्या नावांचा सराव करत होता. प्रत्येक नाव त्यानं देवनागरीत उतरवलं होतं. कुठे नुक्ता दिलेला, कुठे दोन अक्षरांच्या मध्ये पेन्सिलीनं बारीक 'थांब' लिहिलेलं. कार्यक्रमाला दहा मिनिटं असताना आमच्या एका ज्येष्ठांनी तो कागद मागून घेतला, वरून खाली नजर फिरवली, नऊच्या नऊ नावांवर एक तिरकी रेघ ओढली आणि खाली लिहिलं, 'जगातील सर्व पीडितांसाठी'.

"वेळ नाहीये रे. असं म्हण, त्यात सगळे आले."

त्यानं तसंच म्हटलं. चार सेकंद लागले. मग आभारप्रदर्शन झालं. त्यात मात्र एकेकाचं नाव घेतलं गेलं, पूर्ण, पदासकट. एक नाव राहिलं होतं, तर माइक परत मागवून तेही घेतलं.

मी तिथेच बसले होते. एक शब्द बोलले नाही. हा राग त्यांच्यावर जितका आहे तितकाच माझ्यावरही आहे.

ही नावं आमच्याकडे कशी आली ते सांगते. २०२३च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगालमध्ये लिस्बनला जागतिक युवा दिनाला, कॅथलिक तरुणांच्या जगभरच्या मेळाव्याला, गेले होते. शेवटच्या मिस्सेला सुमारे १५ लाख माणसं होती. आदल्या रात्री आम्ही सगळे पार्क तेजोच्या मैदानावर उघड्यावरच झोपलो. माझ्या शेजारच्या चटईवर एक मुलगी होती. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही तसंच. पहाटेपर्यंत बोलत राहिलो. तेव्हापासून आम्ही बोलतोच आहोत. मधल्या काळात तिच्या गावाचं काय झालं ते इथे लिहीत नाही. देशाचं नावही लिहीत नाही, कारण तिच्या घरचे अजून तिथेच आहेत आणि तिनंच तसं सांगितलंय.

गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर मी तिला विचारलं, आम्ही काय करू तुमच्यासाठी? मला वाटलं होतं पैशांचं काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, आमच्या मुलांची नावं घ्या, पण नीट घ्या. मग तिनं मला एक नाव शिकवायला घेतलं. त्यातला एक आवाज आपल्याकडे नाहीच. ना धड ख, ना धड ह. मी म्हणायचे, ती मान हलवायची. पुन्हा म्हणायचे, पुन्हा नाही. शेवटी तिनं कॅमेरा खाली केला, गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि दाखवलं, इथून, इथून काढ. मागे तिची आजी बसली होती, तिनंही आपला हात गळ्याशी नेला. कितव्यांदा ते आठवत नाही, पण एकदा ते नाव माझ्या तोंडून बरोबर निघालं, आणि ती गप्प झाली. बराच वेळ काही बोललीच नाही. ते तिच्या धाकट्या भावाचं नाव होतं.

हे नाव आज त्या तिरक्या रेघेखाली गेलं.

आता मला सांगा, आज सकाळी आपण सगळ्यांनी वाचन काय ऐकलं? बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये', दुसरा अध्याय. यहूद्यांचा सप्ताहांचा सण, त्यामुळे यरुशलेममध्ये देशोदेशीची माणसं आलेली. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकनं 'सगळ्या जगातले लोक' असं एका वाक्यात उरकलं असतं तर कोण त्याला विचारणार होतं? पण तो एकेक नाव घेतो. पार्थी, मेदी, एलामी, मेसोपटेम्या, यहूदीया, कप्पदुकिया, पंत, आशिया, फ्रुगिया, पंफुलिया, मिसर, कुरेनेजवळचा लिबुवा, रोम, क्रेतीय, अरब. पंधरा नावं! दर वर्षी वाचणारा पंफुलियापाशी अडखळतो आणि दर वर्षी आपण गालातल्या गालात हसतो. लूकला वेळ होता. आपल्याला नाही.

त्या दिवशी सगळे एकच भाषा बोलायला लागले असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. शिष्य बोलले ते प्रत्येकाला आपापल्या जन्मभाषेत ऐकू आलं, असं लिहिलंय. एका भाषेचं, एका साच्याचं शहर तर बायबलमधल्या त्या बाबेलच्या बुरुजवाल्यांना हवं होतं. आत्मा उतरला तेव्हा फ्रुगियाच्या माणसाला फ्रुगियाचं सोडावं लागलं नाही. उलट बोलणाऱ्यांच्याच जिभेला कष्ट पडले. आणि बोलणारे कोण? गालीली, म्हणजे गालील प्रांतातले. ज्यांचं बोलणं शहरात लगेच ओळखू यायचं. येशूच्या वधस्तंभाच्या आदल्या रात्री अंगणात त्याच्या शिष्याला, पेत्राला, लोकांनी ओळखलं ते बोलीवरूनच ना? सात आठवड्यांपूर्वी ज्या बोलीनं त्याला घाबरवलं, तीच जीभ घेऊन तो परक्यांसमोर उभा राहतो. मला तर हे वाचताना दर वेळी त्या मुलीची गळ्यावरची दोन बोटंच दिसतात. इथून काढ.

'त्यात सगळे आले' असं म्हटलं की कुणीच येत नाही. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ साली आपल्या परिपत्रकात लिहूनच ठेवलंय की बांधिलकी म्हणजे दूरच्यांच्या दुःखाबद्दल वाटणारी पुसट कणव नव्हे, तो सर्वांच्या भल्यासाठी केलेला पक्का, न सोडलेला निश्चय आहे. 'जगातील सर्व पीडितांसाठी' ही ती पुसट कणव. कुणाचा चेहरा दिसत नाही, कुणाची आई आठवत नाही, आणि आपण मोकळे.

हो, नाव नीट घेतलं म्हणून कुणाचं पोट भरत नाही, हे मान्य. पैसे लागतातच. प्रेषित पौलानंही करिंथच्या लोकांना यरुशलेमच्या गरिबांसाठी दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी काहीतरी बाजूला ठेवायला सांगितलं होतं. आम्हीही वर्गणी काढली, पाठवली. पण पैसे पाठवणाऱ्याला समोरच्याचं नाव माहीत नसलं तरी चालतं, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते.

प्रेषितांच्या कृत्यांचाच सहावा अध्याय काढून बघा. पेन्टेकॉस्टनंतर सगळं कसं छान, सगळं सगळ्यांचं, आणि तरी ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात सुटत होत्या. का सुटत होत्या ते लिहिलेलं नाही, पण मला वाटतं वाटणाऱ्यांच्या तोंडी त्यांची नावं नव्हती. मग सात जण निवडले, स्तेफन, फिलिप्प आणि बाकीचे, सातही नावं ग्रीक. कुरकुर करणाऱ्यांना 'वाटप सर्वांसाठी आहे, त्यात तुम्ही आलात' असं सांगून कुणी घरी पाठवलं नाही.

आता जरा शांत झालेय. वरचं वाचून पाहिलं. त्या ज्येष्ठांबद्दल मी कडक लिहिलंय, ते खोडत नाही. पण एक सांगायलाच हवं, की वर्गणीचा हिशेब रात्री जागून त्यांनीच लावला होता, आणि दुपारी खरोखरच उशीर झाला होता. वाईट मनानं नाही केलं त्यांनी. त्यांना सवय आहे. आपल्या सगळ्यांनाच सवय आहे. आपल्याला जगाबद्दल प्रेम वाटतं आणि जगातल्या एकाचंही नाव तोंडात बसत नाही. तरुणांना चिंतनाला बोलवायचं, विषयात 'जगभर' लिहायचं, आणि एखादा पोरगा खरोखर जगातली नऊ माणसं कागदावर घेऊन आला की त्याला घड्याळ दाखवायचं. तो उद्या का येईल? मी तरी सोळाव्या वर्षी आले नसते.

पण तो गेला नाही. सगळे पांगल्यावर आम्ही पाच-सहा जण खुर्च्या रचत होतो. हा कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा. कागद चार घड्यांचा झालेला. मी म्हटलं, वाच ना आता. म्हणाला, ताई, आता कोण ऐकणार? म्हटलं, आम्ही आहोत की. त्यानं वाचायला घेतलं. रेघेखालून अक्षरं नीट दिसत नव्हती, पण त्याला पाठच होती. पाचव्या नावाला अडला. थांबला. गळ्यावर दोन बोटं ठेवली. मी कधीतरी त्याला करून दाखवलं असणार, मला आठवतही नव्हतं. मग पुन्हा म्हटलं त्यानं.

मी ते फोनवर रेकॉर्ड करून तिला पाठवलं. मघाशी, हे लिहीत असतानाच, तिचा व्हॉइस मेसेज आला. आधी नुसता श्वास. मग मागून आजीचं काहीतरी बोलणं. मग ती म्हणाली, पाचवं अगदी बरोबर आहे, तिसरं अजून चुकतंय, आणि तिसरं नाव तिनं हळूहळू तीनदा म्हणून दाखवलं.

उद्या संध्याकाळी साडेसहाला पुन्हा बसतोय आम्ही. ज्यांना यायचंय त्यांनी या.